समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर?



कळवणला समुद्र नाही. आपली गिरणा सुरगाण्याच्या डोंगरात उगम पावते. डोंगर पलीकडे उतरला की समुद्राचा मुलूख सुरू होतो, पण गिरणा त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघते, जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते आणि एवढा मोठा वळसा घेऊन सुरतेच्या खाली समुद्रात जाते. मग या अंकाचा अग्रलेख समुद्रावर कशाला? कळवणच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा नांदगावकडच्या एका कापूसवाल्या भावाने तोंडावरच विचारले, ‘‘आमच्या विहिरीला पाणी नाही, अन् तुम्ही समुद्राच्या पाण्याचं काय घेऊन बसलात?’’

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर सुरुवात समुद्रापासून न करता गावातल्या कृषी सेवा केंद्रापासून करावी लागेल. दुकानाच्या फळीवर समुद्री शेवाळाच्या अर्काच्या बाटल्या असतात. द्राक्ष, डाळिंब, कांदावाले त्यांची फवारणी करतात, आता कपाशीवरही मारा असे दुकानदार सांगतो. इफ्कोचे ‘सागरिका’ त्यातलेच. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशात आणले. म्हणजे समुद्रात कोणीतरी शेती करतो आणि त्याचा माल आपण शेकडो रुपये लिटरने विकत घेतो. त्या शेतकऱ्याला त्यातले किती मिळतात, आणि ज्या पाण्यात तो पीक घेतो ते पाणी कोणाचे, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता हेच पाणी पट्ट्याने देण्याची भाषा सुरू झाली आहे. २०१९ च्या राष्ट्रीय सागरी मत्स्यशेती धोरणाच्या मसुद्यात समुद्राचे भाग आखून ते भाडेपट्ट्याने देण्याचा विचार मांडला गेला. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०,०५० कोटी रुपयांची बेरीज मांडली होती, त्यातले ६४० कोटी एकट्या शेवाळासाठी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने देशाच्या किनाऱ्यावर शेवाळ शेतीसाठी तीनशेहून अधिक जागा दाखवून दिल्या आहेत. २०२३ मध्ये किनारी जलशेती प्राधिकरण कायद्यात दुरुस्ती होऊन शेवाळ, शिंपले, पिंजऱ्यातले मासे या साऱ्यांना कायद्याच्या चौकटीत घेतले. आणि २२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला.

म्हणजे सरकारच्या कागदावर समुद्रातला माणूस आता शेतकरी झाला. तो आपल्या जातीत आला. त्याचे स्वागत करू, पण स्वागत करताना त्याला हेही सांगू की शेतकरी झाल्यावर माणसाचे काय काय होते. ते आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

आधी ही शेती कशी असते ते पाहू. शेवाळाची शेती म्हणजे बांबूचा बारा फूट लांब, बारा फूट रुंद तराफा. त्याला दोऱ्या ताणायच्या, दोऱ्यांना साठेक किलो बेणे बांधायचे आणि तराफा उथळ पाण्यात नांगरून ठेवायचा. पंचेचाळीस दिवसांनी दोन-अडीचशे किलो ओला माल निघतो. तो वाळला की दहाला एक उरतो. शिंपल्यांची तऱ्हा वेगळी. कोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्या हिरव्या शिंपल्यांची बारकी पिल्ले खडकावरून काढतात, दोरीभोवती पसरतात आणि वरून पातळ सुती कापड गुंडाळतात. खाऱ्या पाण्यात काही दिवसांत कापड कुजून जाते, तोवर शिंपल्याने आपल्या तंतूंनी दोरी धरलेली असते. पाच-सहा महिन्यांत माल तयार. कापूसवाल्या भावांनी एवढे लक्षात ठेवावे की त्या पिकाचा पहिला आधार आपल्या कपाशीचा धागा असतो.

या पिकाला खत नाही, खाद्य नाही, विहीर नाही. शिंपला पाण्यातूनच आपले अन्न गाळून घेतो. पण पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर समुद्र खवळतो आणि खाडीत गोडे पाणी शिरते, म्हणून हंगाम सापडतो तो ऑक्टोबर ते मेचा. रब्बीच म्हणा. आणि रब्बीइतकाच भरवशाचा. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर २००० च्या सुमारास भावनगरच्या सरकारी प्रयोगशाळेचे तंत्र घेऊन पेप्सी कंपनीने ही शेती सुरू केली. बायांचे बचत गट पीक घेत आणि कंपनी माल घेई. २००१ मध्ये २१ टन सुके शेवाळ निघाले होते, ते २०१३ मध्ये दीड हजार टनांच्या घरात गेले. मग पाणी तापले, पीक मेले आणि उत्पादन कोसळले. मधल्या काळात, २००८ च्या सुमारास, पेप्सीने तो धंदा दुसऱ्या कंपनीकडे सोपवला होता. कंपनीला धंदा सोडता आला. पीक मेले तेव्हा ती बाई तराफा सोडून कुठे जाणार होती?

हे आपल्याला नवीन नाही. बोंडअळीच्या वर्षी बियाण्याची कंपनी उठून गेली नाही आणि जिनिंगवालाही बुडाला नाही.

आता मूळ मुद्दा. पट्टा म्हणजे काय? सरकार पाण्याचा एक तुकडा आखते, इतक्या वर्षांसाठी इतक्या भाड्याने तो एकाला देते, आणि त्या तुकड्यात पीक घेण्याचा हक्क त्या एकाचाच होतो. जमिनीवर हे सोपे असते, कारण तिथे बांध आहे, गट नंबर आहे, तलाठी आहे. समुद्रात यातले काहीच नाही. घटनेच्या २९७ व्या कलमाप्रमाणे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरपर्यंत, समुद्राचा तळ आणि तळातली संपत्ती केंद्राची. त्याच टापूतली मासेमारी मात्र राज्याच्या यादीतला विषय. तळ दिल्लीचा, मासे मुंबईचे. मध्ये जे पाणी उरते त्यावर सातबारा कोणाच्याच नावाचा नाही.

सातबारा नाही म्हणजे तिथे कोणी नाही, असे मात्र कोणी समजू नये. ओहोटी लागली की रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या खाड्यांत बाया उतरतात. गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या वेचतात, कोयतीने खडकावरची कालवे फोडतात, शिनाणे काढतात आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठतात. त्यांच्या आज्याही हेच करीत. या बाया बहुतेकदा मच्छीमारांच्या नोंदीत सापडत नाहीत, कारण त्यांच्याकडे होडी नाही, जाळे नाही, परवाना नाही. ज्या दिवशी खाडीची ‘मोकळी जागा’ मोजायला कोणी येईल, त्या दिवशी नेमकी भरती असेल, तर त्याला तिथे एकही माणूस दिसणार नाही.

आपल्या कळवण-सुरगाण्यात हे झालेले आहे. जंगलातली जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आदिवासी कागदावर अतिक्रमण करणारा ठरला. त्याचा हक्क मान्य करायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला, आणि त्या कायद्यातले पट्टे हातात पडावेत म्हणून मार्च २०१८ मध्ये याच जिल्ह्यातली माणसे फुटलेल्या पायांनी मुंबईपर्यंत चालत गेली. त्या कायद्यात तीन गोष्टी चांगल्या आहेत. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो कसतो, त्याचा हक्क आधी. पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावाने. आणि वनातल्या पाण्यातले मासे व इतर उत्पन्न यावर गावाचा सामूहिक हक्क. डोंगरातल्या ओढ्यातल्या माशाला जो कायदा आहे, तसा खाडीतल्या कालवांना नाही.

कोणी म्हणेल, पट्टा हवाच कशाला? पाणी मोकळे आहे ते मोकळेच राहू द्या. आम्हाला हे पटत नाही. पट्टा नसला की काय होते हे पाहायला कोकणात जायची गरज नाही, मालेगाव-नांदगावच्या कोरडवाहू शिवारात फिरले तरी पुरे. १९४८ च्या कूळ कायद्याच्या धाकाने जमीनमालक कागद करीत नाही. बटईचा, खंडाचा व्यवहार सारा तोंडी. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर दुसरा. पीककर्ज सातबाऱ्याला, विमा सातबाऱ्याला, गारपिटीची भरपाईही सातबाऱ्याला. आणि कर्जापायी त्या बटईदाराने गळफास घेतला, तर त्याच्या विधवेची फाइल ‘जमीन कुटुंबाच्या नावावर नाही’ एवढ्याच शेऱ्यावर अपात्र ठरते. ज्याच्या श्रमाला कागद नाही त्याच्या मरणालाही कागद मिळत नाही. म्हणून समुद्रात पीक घेणाऱ्याला कागद हवाच. भांडण कागदावर कोणाचे नाव येणार आणि त्यात काय लिहिलेले असणार याचे आहे.

याची दोन उदाहरणे आपल्याच देशात घडून गेली आहेत. पहिले कोळंबीचे. १९९० नंतर आंध्र, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर भांडवलदारांनी कोळंबीची तळी खोदली. शेजारची भातशेती खारी झाली, विहिरी खारट झाल्या, कोळ्यांची समुद्राकडे जायची वाट बंद झाली. सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातली अशी तळी काढून टाकण्याचा निकाल दिला. तोवर रोग पडून बरीच तळी आधीच बसली होती. ज्या किनारी जलशेती प्राधिकरण कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, तो २००५ साली आला. म्हणजे पैसा आधी आला, न्यायालय नंतर, आणि कायदा सगळ्यांच्या शेवटी. किनाऱ्यावरची माणसे या साऱ्या काळात वाट पाहत उभी होती.

दुसरे उदाहरण केरळचे. कासरगोड जिल्ह्यात पडन्ना, चेरुवत्तूर भागात १९९६-९७ च्या सुमारास बायांच्या गटांनी सरकारी योजनेतले कर्ज घेऊन खाडीत शिनाण्याच्या दोऱ्या सोडल्या. दहा-बारा वर्षांत उत्पादन हजारो टनांवर गेले. देशात शिंपल्यांची शेती खरी रुजली ती तिथे, आणि ती बायांनी रुजवली. पण खडकावरच्या बेण्यावरून शेती करणारे आणि शिंपले वेचणारे यांच्यात तंटे झाले, रोगही आला, आणि उत्पादन घसरले. यश आले ते बायांच्या हाती शेती होती म्हणून. त्यावर संकट आले तेव्हा पाण्याचा आणि बेण्याचा पक्का हक्क कोणाकडेच नव्हता.

आपल्या राज्यात सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने चाललेल्या प्रकल्पातून देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या खाड्यांत कालवे आणि शिनाणे यांची शेती गटांनी करून पाहिली. सप्टेंबर २०१७ मध्ये कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्मिती योजना आली आणि तीच वाट इतर किनारी जिल्ह्यांना खुली झाली. चांगले आहे. पण अनुदानाचा तराफा मिळाला म्हणून पाण्याचा हक्क मिळत नाही. तराफा तीन वर्षांत कुजतो, योजना पाच वर्षांत संपते. बाईच्या हाती काय उरते?

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. त्यात पाच गोष्टी आहेत.

पहिली. पट्ट्याचा पहिला हक्क, त्या पाण्यात जी आज उतरते तिचा. आधी ओहोटीच्या वेळी मोजणी करा, गावसभेपुढे नावे वाचा, मग नकाशा आखा. जिथे रापणीचे जाळे ओढले जाते, जिथून होड्या ये-जा करतात, ती जागा पट्ट्यातून वगळा. एका मच्छीमाराचे पोट भरण्यासाठी दुसऱ्याची वाट बंद करणे हा विकास नव्हे. दुसरे देश हे करून चुकले आहेत. जपानात १९४९ च्या कायद्याने कालवे आणि शेवाळाच्या शेतीचा हक्क आधी गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेला दिला. २०१८ मध्ये कायदा बदलून ती अग्रक्रमाची अट काढली, कंपन्यांना वाट मोकळी झाली. न्यूझीलंडने २००४ मध्ये कायदा करून अशा शेतीच्या पाण्यातला वीस टक्के वाटा तिथल्या मूळच्या माओरी लोकांसाठी ठेवला. म्हणजे मनात असेल तर हे कायद्यात लिहिता येते.

दुसरी. पट्टा बाईच्या नावावर. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी हजारो शेतकऱ्यांनी आपली जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर केली, ती कोणाच्या कायद्याने नव्हे, आपल्या मनाने. समुद्रात तर खडकावरचे काम पहिल्यापासून बायाच करतात. तिथे नवऱ्याकडून काही काढून घ्यायचेही नाही. पहिला कागदच तिच्या नावाचा करायचा आहे.

तिसरी. पट्टा लांब मुदतीचा आणि बँकेत चालणारा. दोन-तीन वर्षांच्या परवान्यावर कोणी दोर, नांगर, बांबूत पैसा घालत नाही, बँकही कर्ज देत नाही. कृषीचा दर्जा दिला असेल तर त्यामागून पीककर्ज आणि विमा आलाच पाहिजे. नाहीतर तो दर्जा आपल्या पोशिंदा या पदवीसारखा. ऐकायला गोड, पण पोट भरत नाही.

चौथी. माल कोणालाही विकण्याची मोकळीक. ही गोष्ट आपल्याहून जास्त कोणाला कळते? जुन्या माणसांना ज्वारीची लेव्ही आठवते. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ पासून तीस वर्षे चालली. सरहद्दीपलीकडे भाव जास्त, आणि आपला कापूस आपल्याच गाडीत पलीकडे नेला तर आपणच चोर. एकच घेणारा असला की तो सरकार असो वा कंपनी, भाव तोच ठरवतो. बेणे कंपनीचे, कर्ज कंपनीचे, खरेदी कंपनीची आणि पट्टाही कंपनीचा, अशी व्यवस्था झाली तर तराफ्यावरची बाई शेतकरी उरत नाही, स्वतःच्या जोखमीवर राबणारी मजूर होते. कंपनीला आमचा विरोध नाही. तिने कारखाना काढावा, तंत्र आणावे, भाव देऊन माल घ्यावा. पाणी तेवढे तिने ताब्यात घेऊ नये.

पाचवी. पाणी नासवणाऱ्याला जाब. शिंपला पाणी गाळून जगतो, पाण्यात विष असेल तर ते त्याच्या अंगात साठते. लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध दाभोळ खाडीतले मच्छीमार वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. पट्टेदाराचे भाडे सरकार घेणार असेल, तर ते पाणी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही सरकारची. घरमालकाने भाडे घ्यायचे आणि छप्पर गळू द्यायचे, हे चालणार नाही.

आता त्या नांदगावच्या भावाचा प्रश्न पुन्हा घेऊ. त्याच्या विहिरीचा आणि समुद्राचा संबंध काय?

आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही धरणावर जाऊन पाहा. ज्यांची जमीन बुडाली ती माणसे काठावर उभी, आणि पाण्यातल्या माशांचा ठेका संस्थेच्या नावावर. संस्था कागदावर गावची, जाळे टाकणारा ठेकेदार बाहेरचा. बुडिताखालची गाळपेर जमीन, गायरान, पाझर तलाव, उद्या सौर पट्ट्या बसवायला मागितली जाणारी माळरानाची जमीन, या सगळ्यांवर आज ना उद्या पट्टा हा शब्द येणार आहे. सरकारला एकदा समुद्र पट्ट्याने द्यायची सवय लागली की त्याच छापील नमुन्यात गावाचे नाव बदलून तो कागद आपल्या तलाठ्याकडे येईल. तेव्हा कालवे काढणाऱ्या बाईसाठी आज जी अट लिहून घेतली जाईल, तीच उद्या आपल्या कामी येईल. तिच्या वेळी आपण गप्प बसलो तर आपल्या वेळी कोकणातून कोण येणार?

कांदावाल्यांचे आंदोलन झाले तेव्हा कापूसवाला म्हणाला नाही की कांदा माझा नाही. कापसाच्या सरहद्दीवर ज्वारीवाला उभा राहिला. पीक बदलते, पण पिकवणाऱ्याला कागदाबाहेर ठेवून कागदावर दुसऱ्याचे नाव लावायची रीत सगळीकडे एकच आहे.

जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवीत आहोत. गावोगावच्या शाखांनी तो वाचावा, दुरुस्त करावा, आणि पटला तर हात वर करावा.

‘‘समुद्राचे व खाडीचे पाणी शिंपले आणि शेवाळाच्या शेतीसाठी पट्ट्याने देण्यापूर्वी, त्या पाण्यावर आज पोट भरणाऱ्यांची नावे शासनाने गावसभेत वाचून नोंदवावीत. पट्ट्याचा पहिला हक्क त्यांना, त्यातही बायांना, लांब मुदतीने द्यावा. माल कोणालाही विकण्याची मुभा पट्ट्यातच लिहावी. आणि हीच अट राज्यातल्या धरणांच्या पाण्याला, गाळपेर जमिनीला व गायरानाला लागू करावी.’’

बैठकीला येताना त्या बटईदार भावालाही बरोबर आणा, ज्याचे नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नाही. या ठरावावर पहिले बोलण्याचा हक्क त्याचा आहे.